ग्राउंडचे दिवस

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या वस्तीत सगळ्यात आधी कुत्र्यांना कळतं. उजाडायच्या आत पोरं रस्त्याने धावायला लागतात आणि कुत्री भुंकत त्यांच्यामागे सुटतात. मग चहाच्या टपरीवाल्याला कळतं, तो भिजवलेले चणे आणि उकडलेली अंडी ठेवायला लागतो. मग घरमालकांना कळतं आणि खोल्यांची भाडी वाढतात.

यंदाही दिवाळीच्या सुमाराला निघाली आणि आता चाचणीचे दिवस आले. परवा पहाटे मी गच्चीवर कपडे काढायला गेले. चांद्यात, आमच्या या कोळसा खाणींच्या शहरात, रात्रभर कपडे बाहेर राहिले की त्यांच्यावर काळी भुकटी बसते, ती झटकत उभी होते. खालून चारपाच मुली धावत गेल्या. त्या गेल्यावर मागे मलमाचा उग्र वास राहिला. पोटऱ्यांना चोळायचं मलम. त्या गार हवेत तो वास नाकात गेला आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली.

हे दिवस खरं तर फार देखणे असतात. मूलच्या रस्त्याने निघालं की पळस पेटलेला दिसतो. धानोऱ्याच्या बाजूला मोह गळायला लागतो आणि सकाळी झाडाखालची जमीन पिवळसर पांढरी होऊन जाते. वैनगंगेचं पाणी उतरून वाळू वर येते. या सगळ्यावर मलाही गोड काही लिहायला आवडलं असतं. पण माझ्यासाठी हा मोसम ग्राउंडचा आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला आमच्याकडे सगळे नुसतं ‘ग्राउंड’ म्हणतात. ग्राउंडचे दिवस आले की मला राग येतो. वर्षं गेली की तो निवेल असं वाटलं होतं. निवला नाही. आता तो निवावा असं मी म्हणतही नाही.

मी कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवते. माणसं कशी जगतात ते त्यांच्यात बसून उठून समजून घ्यायचं, हे आमचं काम. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला एक अभ्यास करायला सांगितला. शहरातली तरुण मुलं नशेकडे का वळतात आणि त्यांना आधीच कसं अडवता येईल, असा विषय होता. पहिल्याच बैठकीत संस्थेच्या संचालकांनी मला जागा सांगून टाकल्या. रेल्वे पुलाखाली जा, बसस्टँडच्या मागे जा, खाणीच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये जा. नशा तिथेच राहते हे त्यांचं ठरलेलं होतं. वर हसून हेही म्हणाले, “आणि गडचिरोलीकडची पोरं दिसली तर वेगळी नोंद करा. त्यांच्यात मोहाच्या दारूची परंपराच असते ना.”

मोहाची फुलं वाळवून पोरांना उन्हाळाभर खाऊ घालणारी घरं मी पाहिली आहेत. मी तेवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. राग तिथूनच सुरू झाला असावा.

पुलाखाली मी गेले. चिंधीवर पंक्चरचं सोल्युशन ओतून हुंगणारी मुलं होती, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. मला वाटलं होतं, बोलणार नाहीत. पण कुणी विचारणारं आलं की माणूस बोलतो. त्यांच्यात नितेश म्हणून एक पोरगा होता, पंचविशीच्या आतला. बाकीची मुलं भिंतीला टेकून लोळलेली, हा मात्र पाठ सरळ ठेवून मांडी घालून बसायचा. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण पोटऱ्या अजून घट्ट होत्या.

“आधी काय करायचास?” मी विचारलं.

“मी पोलीस होऊन राह्यलो होतो, मॅडम,” तो म्हणाला.

बाकीची मुलं खिदळली. तो हसला नाही. तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. बढाई असेल म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला.

त्याच दिवसांत माझ्या घराच्या वरच्या खोलीत दोन मुली भाड्याने राहत होत्या. रजनी पोटावी धानोऱ्याच्या पलीकडच्या एका छोट्या गावची. उंच, काळीसावळी, अंगात एक गुंजभर जास्तीचं मांस नाही. घरी गोंडी बोलायची, आमच्याशी झाडीतली, म्हणजे इकडच्या जंगलपट्टीतली मराठी. तिची आई, म्हणजे तिची याया, मोह आणि तेंदूपत्ता वेचून घर चालवायची. दुसरी प्राची, आरमोरीची, धानाची शेती असलेल्या घरातली. प्राचीला गप्प बसता यायचं नाही. जिन्यावरून उतरताना गाणं, नळावर पाणी भरताना गाणं. धावायला त्रास होतो म्हणून तिने कंबरेपर्यंतची वेणी कापून टाकली होती आणि ती वेणी पेटीत जपून ठेवली होती. वयाच्या हिशेबाने तिची ही शेवटची भरती होती. दोघी पहाटे ग्राउंडवर जायच्या, दुपारी अभ्यासिकेत बसायच्या, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड.

एकदा मी बसस्टँडमागून परत आले तेव्हा रजनी ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होती.

“बाई, तुम्ही नशेवाले पोट्टे पाहाले जाता म्हणे,” ती म्हणाली.

“हो. काम आहे माझं.”

“मंग एवढ्या दूर कायले जाता? इथी ग्राउंडवर या ना.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती मस्करी करत नव्हती.

“ग्राउंडवर कोण नशा करतं?”

“तुम्ही या तं खरं,” ती म्हणाली आणि तेलाची बाटली घेऊन वर निघून गेली.

मी गेले. आमच्या वस्तीमागच्या मैदानावर एक अकॅडमी चालायची, रजनी आणि प्राची तिथेच जायच्या. चालवणाऱ्याला सगळे कॅप्टन सर म्हणत. तो कॅप्टन कधीच नव्हता, फौजेत होता की नाही याचीही मला खात्री नाही. पण मिशी होती, शिट्टी होती, डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि मुलांच्या आयुष्यात एवढ्या जोराने ओरडून ‘तू होशील’ म्हणणारा दुसरा माणूस नव्हता. मुलं त्याच्या पाया पडायची. मूल, सिंदेवाही, आरमोरी, धानोरा, कुठून कुठून आलेली. घरचा मोह विकून, बकऱ्या विकून आलेली.

त्या मैदानाचं सुरुवातीला मला कौतुक वाटलं होतं, हे खोटं कशाला बोलू. तांबडं फुटत असतं, वीज केंद्राच्या चिमण्यांतून धूर सरळ वर जात असतो आणि शेकडो पायांची धपधप जमिनीतून आपल्या तळपायांना लागते. घाम, माती, मलम यांचा एक वास. मुली एकमेकींच्या वेळा ओरडून सांगताहेत. असं वाटतं की या जिल्ह्याचं काहीतरी भलं होणार.

मग हळूहळू दिसायला लागलं. धावायच्या आधी मुलं मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत जायची आणि दंड चोळत बाहेर यायची. डोळे मोठे झालेले, हात थरथरणारे, एका जागी उभं राहवत नाही असे. त्याला त्यांच्यात ‘घोडा’ म्हणत. घोडा लावला का? आज घोडा नाई लावला, म्हणून मागे राह्यलो. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं ब्लडप्रेशर घसरलं की डॉक्टर जे औषध देतात, त्याचं ते इंजेक्शन होतं. ते घेतलं की थकवा कळत नाही. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. दुखणं कळू नये म्हणून वर गोळ्या. आणि मग दिवसभर छाती धडधडते, झोप लागत नाही, म्हणून संध्याकाळी झोपेसाठी आणखी काहीतरी. खोकल्याचं औषध त्यातलंच. तेही त्या पत्र्याच्या खोलीतून मिळायचं.

मी परत नितेशकडे गेले. “तू ग्राउंड कुठे मारायचास?” एवढंच विचारलं.

“कॅप्टन सरकडे,” तो म्हणाला. “एका सेकंदानं गेलो, मॅडम. मंग बिना औषधाची झोप येणं बंद झालं. सरनं सांगतलं, पुढच्या भरतीले ये. पण पुढची भरती निघालीच नाई ना लवकर.”

म्हणजे पुलाखालचा पोरगा आणि मैदानावरचा पोरगा ही दोन पोरं नव्हतीच. एकच पोरगा होता. आधी त्याला शाबासकी मिळत होती, मग त्याच्यावर थुंकायला लागले. मधे फक्त एक भरती गेली होती.

मी हे संस्थेला कळवलं. फोनवर संचालक म्हणाले, “मॅडम, ते स्पोर्ट्सचं झालं. आपला विषय व्यसनाचा आहे.” मी कॅप्टन सरला मैदानावर जाऊन गाठलं. तो अजिबात दचकला नाही. “मॅडम, ही ताकदीची दवा आहे. अपने बच्चे एकदम क्लीन है. एक पोरगा दारू पिताना दाखवून द्या, मी मिशी काढून देतो.” आजूबाजूची मुलं हसली. मी ओळखीच्या एका मेडिकल ऑफिसरला सांगितलं, त्यांनी लेखी तक्रार द्या म्हटलं, मी दिली. कुणीतरी येऊन पत्र्याच्या खोलीला लागलेलं कुलूप पाहून गेलं.

आणि त्याच महिन्यात संस्थेने त्या अकॅडमीला ‘व्यसनमुक्त अकॅडमी’ म्हणून गौरवायचं ठरवलं.

मला त्या सकाळचं सगळं आठवतं. मैदानात मांडव, मांडवाला कवटीचं चित्र असलेलं बॅनर, पाहुण्यांना गुलाबाची फुलं. मला संशोधक म्हणून व्यासपीठावर बसवलं होतं. कॅप्टन सरला शाल घातली, नारळ दिला. मग संचालकांनी माइक हातात घेऊन सगळ्यांना उजवा हात पुढे करायला लावला आणि शपथ सांगितली. मी आयुष्यात कधीही कोणतंही व्यसन करणार नाही. शेकडो हात एकदम पुढे आले. बाह्या वर सरकल्या. पहिल्या ओळीतल्या मुलांच्या दंडांवर टोचल्याच्या खुणा मला व्यासपीठावरून दिसत होत्या. संचालकांनाही दिसत असणार, ते माझ्याइतकेच जवळ होते. त्यांचा आवाज जराही अडखळला नाही.

मुलींच्या ओळीत एकच हात पुढे नव्हता. रजनी दोन्ही हात मागे बांधून समोर पाहत उभी होती.

मी खुर्चीवरून उठले आणि माइककडे गेले. “शपथ घेण्याआधी ती पत्र्याची खोली उघडा,” एवढं म्हणाले तोवर माइक बंद झाला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, लगेच देशभक्तीचं गाणं लागलं. संचालक माझ्या कानाशी येऊन दात न दाखवता हसत म्हणाले, “मॅडम, प्रसंग पाहून बोलावं.” मी व्यासपीठ उतरून चालत घरी आले. रस्ताभर ते गाणं मागे येत होतं.

संध्याकाळी रजनीला विचारलं, “हात का नाही केलास पुढे?”

“मी घेतच नाई ना काही. मंग शपथ कायची घेऊ?” ती म्हणाली. मग बुटाच्या नाड्या सोडत, “आणि ज्या घेऊन राह्यल्या त्यायले कोणी विचारून नाई राह्यलं, काऊन घेता म्हणून.”

ते विचारायचं काम माझं होतं, मी विचारत होते. प्राची घेत होती. तिची आई मार्कंड्याच्या जत्रेतून प्रसाद घेऊन आली होती. मुलगी पोलीस झाली की पुन्हा येईन असं देवाला सांगून आली होती. आई गेल्यावर मी प्राचीला समोर बसवलं. औषध काय आहे, शरीराला काय करतं, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ती शांत बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मला तोवर कळायला लागलं होतं.

“बाई, तुमाले नोकरी लागली हाय,” ती म्हणाली. “माह्या पुढं तीस जणी घोडा लावून धावतीन तं मी बिना घोड्याची कुठी राहीन? यंदा नाई झाली तं घरी पाहुणे पाहाले बसले आहेत. एकच ग्राउंड राह्यलं. मंग मी आयुष्यात नाई घेणार, तुमची शपथ.”

“तिले जबरदस्ती नका करू,” रजनी दारातून म्हणाली. “मी सांगून सांगून थकली. रडते आणि घेते.”

मला प्राचीचा राग आला नाही. कधीच आला नाही. राग आला तो त्या ‘एका सेकंदाचा’. एक सेकंद इकडे असेल तर वर्दी, पेन्शन, गावात मान. एक सेकंद तिकडे असेल तर पूल. कुणाही शहाण्या माणसाने अशा कड्यावर उभं राहून औषधाकडे पाहिलं नसतं का? आम्ही अभ्यासक लोक त्याला संगतीचा परिणाम म्हणतो. ‘वाईट संगत’ हा शब्द संस्थेच्या प्रत्येक पत्रकात असायचा. प्राचीची संगत कोण होती? पहाटे उठणारी, अभ्यास करणारी, आईबापाचं ऐकणारी मुलं. जिल्ह्यातली सगळ्यात गुणी मुलं.

खरं ग्राउंड एप्रिलमध्ये लागलं. चांद्याचा एप्रिल सकाळी आठलाच तोंडावर मारतो. मी बाहेरच्या जाळीशी उभी होते, प्राचीनेच यायला सांगितलं होतं. तिच्या गटाची शिट्टी झाली. पहिल्या वळणाला ती सगळ्यांच्या पुढे होती. मला तिचे कापलेले केस दिसत होते, मानेवर चिकटलेले. दुसऱ्या वळणाला ती हसत होती असं मला वाटलं. शेवटच्या वळणावर तिचे पाय तिच्याखालून नाहीसे झाल्यासारखे झाले. ती तोंडावर पडली, उठली, दोन पावलं भलत्याच दिशेला गेली आणि पुन्हा पडली. मग उठली नाही.

ग्राउंडवरच्या लोकांनी धावत जाऊन तिला उचललं, अँब्युलन्स उभीच होती. मी आणि रजनी मागे रिक्षाने दवाखान्यात पोचलो. कॅप्टन सर आमच्या आधी पोचला होता. प्राचीला ताप इतका होता की तिच्या हाताला हात लावला तर चटका बसत होता. लघवी तांबडी काळी होत होती. एक तरुण डॉक्टर तिच्यावर वाकलेला होता.

“काय घेतलं होतं हिने?” त्याने विचारलं.

“ऊन लागलं, डॉक्टर साहेब,” कॅप्टन सर म्हणाला. “पोरगी सकाळी काही खाऊन नव्हती आली.”

डॉक्टरने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अकॅडमीच्या आणखी दोघीतिघी आल्या होत्या, त्या जमिनीकडे पाहत होत्या. मला औषधाचं नाव माहीत होतं, पण त्या सकाळी तिने काय काय घेतलं ते माहीत नव्हतं. मी रजनीकडे वळले. तिने माझी वाट पाहिली नव्हती.

“घोडा लावला होता,” ती मोठ्याने म्हणाली. “काल बी, आज बी. वर दुखायच्या गोळ्या. पाणी नाई पिऊ देत, वजन वाढते म्हणून. औषध यायच्याकडूनच येते.” आणि तिने कॅप्टन सरकडे बोट केलं.

डॉक्टरने नर्सला हाक मारली आणि पुढचा तासभर आम्हाला कुणी काही विचारलं नाही.

बाहेर व्हरांड्यात कॅप्टन सर रजनीजवळ येऊन उभा राहिला. त्याने काळा चष्मा काढला होता. आवाज चढवला नाही, उलट मायेने बोलल्यासारखं बोलला. “पोलीस व्हायचं आहे ना तुले? धानोऱ्याच्या अंदरच्या गावची आहेस. तुमच्याकडल्या पोरींचं व्हेरिफिकेशन कसं होते तुले माहीत आहे. एक फोन लागते फक्त.”

रजनीचा चेहरा राखेसारखा झाला. गडचिरोलीच्या जंगलातल्या पोरीला याहून स्वस्त आणि याहून भयंकर धमकी देता येत नाही. नक्षल्यांच्या भागातली म्हणून आपल्या गावाचं नावच आपल्याविरुद्ध वापरलं जातं, हे ती लहानपणापासून पाहत आलेली. मी मधे गेले. मला नीट आठवत नाही मी काय काय बोलले. व्हरांड्यातले पेशंटचे नातेवाईक जमा झाले एवढं आठवतं. तो चष्मा लावून निघून गेला. मग मी बाकावर बसले. रजनी माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, “बाई, माहं ग्राउंड परवा हाय.”

“जाशील?”

“जाईन ना. मी काय चोरी केली?”

प्राची वाचली. तिची किडनी बंद पडली होती, नागपूरला डायलिसिसवर ठेवावं लागलं, मग हळूहळू ती चालू झाली, पूर्ण नाही. तिचे वडील दवाखान्याच्या जिन्यात बसून राहायचे. ‘माह्या पोरीनं कधी चहा बी नाई घेतला’ एवढंच प्रत्येकाला सांगायचे. त्यांच्या लेखी नशा म्हणजे दारू आणि गांजा. त्यांना वेगळं कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

रजनीने परवाचं ग्राउंड मारलं. त्या वर्षी तिची निवड झाली नाही. अकॅडमीने तिला काढून टाकलं, बाकीच्या मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मोहाच्या दिवसांत घरी नव्हती म्हणून तेंदूच्या दिवसांत यायाला मदत करायला ती गावी गेली. जाताना मला म्हणाली, “खोली कोणाले देऊ नका बाई. मी येतो.”

संस्थेत मी अभ्यास मांडायला गेले, तेव्हा संचालकांनी चहा मागवला. त्यांनी ग्राउंडवरचं सगळं प्रकरण वगळायला सांगितलं. आपणच त्या अकॅडमीला गौरवलं आहे, लोक काय म्हणतील, शिवाय एक केस म्हणजे सगळे तसे नव्हेत. मी विचारलं, “मग मुलांना आधी अडवायचं म्हणजे नेमकं कुठे अडवायचं? पुलाखाली? तिथे पोचल्यावर?” ते म्हणाले, मॅडम, तुम्ही भावनिक होताय. मी माझं नाव आणि माझं सगळं लिखाण काढून घेतलं. त्यांनी माझ्याशिवाय पुस्तिका छापली, मुखपृष्ठावर कवटी, आत वाईट संगत. त्याची पोस्टरं शहरभर लागली. एक पोस्टर रेल्वे पुलाच्या खांबावर लागलं. काही दिवसांनी मी तिथून गेले तेव्हा नितेश त्या खांबाला पाठ टेकून बसला होता. तो आता सरळ बसत नव्हता. पुढच्या पावसाळ्यात तो दिसेनासा झाला. त्याच्या सोबतच्या मुलांनाही सांगता आलं नाही कुठे गेला.

माझा लेख मी नंतर दुसरीकडे छापला. चार अभ्यासकांनी वाचला, दोघांनी चांगला आहे म्हटलं. कॅप्टन सरने अकॅडमीचं नाव बदललं, फलक मोठा केला.

मागच्या दिवाळीत मी आरमोरीला गेले होते. प्राची बाजारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम करते. जास्त उभं राहवत नाही तिला, मिठाचं पथ्य आहे, पाहुणे दोनदा पाहून परत गेले. मी बसले होते तेवढ्यात दोन मुली आल्या, भरतीचा फॉर्म भरायला. प्राचीने त्यांना आपली सगळी गोष्ट सांगितली, मानेवरच्या डायलिसिसच्या खुणा दाखवल्या. मुलींनी त्या खुणा वाकून पाहिल्या. मग त्यातली एक म्हणाली, “ताई, फॉर्म भरून द्या ना. आज शेवटची तारीख हाय.” प्राचीने फॉर्म भरून दिला. त्या गेल्यावर ती गाणं वगैरे काही म्हणाली नाही.

आणि यंदाचं हे ग्राउंड. आज सकाळी मी कॉलेजला निघत होते तेव्हा फोन आला. रजनीचा होता. ती पुढच्या भरतीत लागली, बिना घोड्याची, आता चांद्यातच शिपाई आहे. ग्राउंडच्या बाहेरच्या बंदोबस्तावर होती.

“बाई, एका रिक्षात इंजेक्शनची बॅग सापडली. कॅप्टन सरचा माणूस हाय. साहेबीण म्हणते, पंच पायजे दोघं. एक टपरीवाले भाऊ तयार झाले. दुसरं कोणी उभं राहून नाई राह्यलं. तुम्ही येता का?”

मी गेले. टपरीजवळ रिक्षा, रिक्षाच्या सीटवर बॅग उघडी, काचेच्या बाटल्या रांगेत मांडलेल्या. बाई सब-इन्स्पेक्टर खुर्चीवर बसून लिहीत होत्या. रजनी वर्दीत बाजूला उभी होती. कॅप्टन सरही आला होता, मिशी आता पांढरी झालेली. मला पाहून हात जोडून म्हणाला, “अरे मॅडम! तुम्ही तर आमच्या कार्यक्रमाच्या पाहुण्या.”

मी बाटल्या पाहिल्या, पंचनामा वाचला आणि सही केली.

तेवढ्यात बाजूच्या रांगेतून आरडाओरडा सुरू झाला. ग्राउंडसाठी उभी असलेली पोरं. त्यांना कळलं होतं की त्यांचं ‘औषध’ पकडलं गेलं. मला वाटलं होतं, एखादा तरी आमच्या बाजूने बोलेल. “ओ मॅडम, आमचं काऊन खराब करून राह्यल्या?” एक जण ओरडला. “पैसे घेतले ना त्यानं आमचे!” दुसरा म्हणाला. एक मुलगी रडत रडत रजनीच्या अंगावर धावून आली. “तुले लागली नोकरी! आता आमाले पाडशील का?”

रजनीने तिचे दोन्ही हात मनगटाशी धरले. घट्ट धरले, पण ढकललं नाही. तिचे डोळे लाल झाले होते. इतक्या वर्षांत मी तिला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

“बिना घोड्याची लागली मी!” ती म्हणाली. “माही मैत्रीण तिथी त्या वळणावर पडली, थ्या बाटलीनं. तुले पडाचं हाय का? पाणी पे. पाणी पे आधी.” तिने आपली बाटली त्या मुलीच्या तोंडाला लावली. मुलगी नको नको म्हणत होती, पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळत होतं, मग ती घटाघटा प्यायला लागली. आत शिट्टी वाजली, पुढच्या गटाला बोलावत होते.

“जा आता,” रजनी म्हणाली. “जशी येते तशी धाव.”